निकॉन पी१००० आणि मुंबईचा समुद्र: तरंगतं जहाज खरं की खोटं, हे या कॅमेऱ्यानं कळतं का?

निकॉनचा कूलपिक्स पी१००० बाजारात आला २०१८ साली. पक्षीवाल्यांनी आणि चंद्रवाल्यांनी त्याची भरपूर परीक्षणं केली आहेत, ती इथे पुन्हा उगाळत नाही. इथे त्याला एकाच कामावर घासलं आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्रावरचं मृगजळ टिपायचं, किंवा दुसऱ्यानं टिपलेलं खरं की खोटं ते ठरवायचं, तर हा कॅमेरा कामाचा आहे का? ‘वरळीसमोर हवेत तरंगणारं जहाज’, ‘जुहूवरून दिसली दुबई’ असले फॉरवर्ड ज्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतात, त्यांना ही कसोटी विचित्र वाटणार नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. कामाचा आहे, पण खोक्यावरच्या ‘१२५ पट झूम’मुळे नाही. तो कामाचा आहे तो मोजपट्टी म्हणून. आणि मोजपट्टीच हवी असेल तर त्याच घरातला पी९५० निम्म्याहून जास्त वेळा पुरतो.

आधी आकडे. पी१०००ची लेन्स फुल-फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात २४ ते ३००० मिमी, प्रत्यक्षात ४.३ ते ५३९ मिमी. अॅपर्चर रुंद टोकाला एफ/२.८, लांब टोकाला एफ/८. म्हणजे पूर्ण झूमला प्रकाश आत येण्याची वाट जेमतेम ६७ मिमी व्यासाची. एवढ्या छिद्रातून भौतिकशास्त्र साधारण दोन आर्कसेकंदांपर्यंतचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तपशील देतं, त्याहून बारीक नाही. सेन्सर १/२.३ इंची आणि १६ मेगापिक्सेलचा. पूर्ण झूमला त्याचा एक पिक्सेल अर्ध्या आर्कसेकंदाचा. म्हणजे एक खरा तपशील चार पिक्सेलवर पसरतो. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिल्यावर तो मऊ दिसतो, ते याचमुळे. दुकानदाराशी भांडायचं कारण नाही. त्यावर चारपट डिजिटल झूमची सोय आहे. ती मेन्यूतून बंद करा आणि विसरून जा. ‘१२००० मिमीवर टिपलेलं मृगजळ’ असं कुणी लिहिलं असेल तर तिथेच वाचणं थांबवायला हरकत नाही.

आता यातला खरा उपयोगी आकडा. ३००० मिमीला फ्रेमची रुंदी ०.६६ अंश आणि उंची साधारण अर्धा अंश. समुद्रावरचं मृगजळ, मग ते कितीही अचाट असो, क्षितिजालगतच्या अर्ध्या-पाऊण अंशाच्या पट्टीतच घडतं. हात लांब करून करंगळी आडवी धरली तर तिची जाडी साधारण एक अंश भरते. मृगजळ करंगळीआड लपतं. आकाशात तीन बोटं वर, ढगांमध्ये, खिडक्या मोजता येतील असं शहर दिसलं तर ते मृगजळ नव्हे, एवढं कॅमेरा न उघडताही सांगता येतं. २०१५ साली चीनमधल्या फोशानचा ढगांतल्या इमारतींचा व्हिडिओ जगभर फिरला आणि बातम्यांनी त्याला बेधडक ‘फाटा मॉर्गाना’ (मृगजळाचा एक गुंतागुंतीचा प्रकार) म्हटलं. तो या करंगळीच्या परीक्षेतच नापास होतो.

मुंबईत नक्की काय दिसू शकतं, हे ऋतूवर ठरतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारे जमिनीवरची थंड हवा समुद्रावर नेतात. सांताक्रूझला पारा १५-१६ अंशांवर आणि पाणी पंचविशीच्या वर, असा फरक पडला की पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम होते. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी साचल्यासारखं दिसतं, तोच प्रकार: खालचं मृगजळ. दूरच्या बोटीचा तळ नाहीसा होतो, त्या जागी वरच्या भागाची उलटी प्रतिमा येते आणि खाली आकाशाची पट्टी दिसते. बोट तरंगल्यासारखी वाटते. मुंबईत सर्वांत सहज मिळणारं मृगजळ हेच. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास-दीड तास बघा. खारे वारे सुरू झाले की खेळ खलास.

वरचं मृगजळ, ज्यातला सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे फाटा मॉर्गाना, त्याला उलटी स्थिती लागते: थंड पाण्यावर गरम हवा. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात काही दिवस पूर्वेकडचा कोरडा वारा दुपारपर्यंत हटत नाही, खारे वारे उशिरा येतात आणि सांताक्रूझचं कमाल तापमान ३७-३८वर जातं. असे दिवस त्यासाठी राखून ठेवावेत. प्रकाशकिरण पृथ्वीच्या गोलाईइतका वाकायला दर मीटर उंचीला साधारण ०.१४ अंश सेल्सिअसची वाढ पुरते. म्हणजे दहा मीटरमध्ये दीड अंशही नाही. ऐकायला थोडं, पण उसळत्या समुद्रावर हा थर टिकणं कठीण. वारा मंदच हवा. पावसाळ्यात हा नाद सोडून द्यावा.

इथे एक गैरसमज झटकायला हवा. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्‌झच्या रडारला उन्हाळ्यात थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाले होते. हे खरं आहे आणि ‘मग दुबई का नाही दिसणार?’ या युक्तिवादाचं मूळ तेच असतं. पण रेडिओलहरींना वाकवण्यात हवेतल्या बाष्पाचा वाटा फार मोठा; प्रकाशावर बाष्पाचा परिणाम नगण्य, तिथे सगळं तापमानावर. शिवाय धूळ, धूर, बाष्प काहीही नसलेल्या शुद्ध हवेतही प्रकाशाच्या विखुरण्यामुळे सुमारे ३०० किलोमीटरपलीकडचं दृश्य विरून जातं. आजवर टिपलेल्या अतिदूरच्या डोंगराचा गाजलेला फोटो ४४३ किलोमीटरचा आहे, पिरेनीजमधून आल्प्सचा. तोही डोंगरावरून डोंगराचा आणि मागून उगवत्या सूर्याचा उजेड असताना. दुबई मुंबईहून १९०० किलोमीटरवर आहे. विषय संपला.

आता कॅमेऱ्याचं खरं काम. मृगजळ उभ्या दिशेत चित्र ताणतं, दाबतं, उलटं करतं. आडव्या दिशेत जवळपास हातच लावत नाही. थोडक्यात, रुंदी खोटं बोलत नाही. न्हावाशेवाला जाणारं कंटेनर जहाज बाजूनं दिसत असेल तर त्याच्यावरच फूटपट्टी चढवलेली असते: चाळीस फुटी कंटेनर १२.२ मीटर लांब आणि साधारण २.६ मीटर उंच. गुणोत्तर ४.७ला १. फोटोत एका डब्याची लांबी आणि उंची पिक्सेलमध्ये मोजा. ४.७ आलं तर हवा सरळ आहे. दोनाला एक आलं तर उंची दुपटीहून जास्त ताणली गेली आहे आणि हे मृगजळाच्या घराण्यातलं काहीतरी आहे. सहा-सातला एक आलं तर दाबलं गेलंय. जहाज तिरकं असेल तर लांबी आखडते आणि हिशेब फसतो, म्हणून पूर्ण आडवं होईपर्यंत थांबायचं. थरांगणिक गुणोत्तर वेगवेगळं आलं, खालचे डबे चपटे आणि वरचे लांबोडके, तर त्याहून उत्तम पुरावा नाही. फोटोशॉपवाले इतकी मेहनत घेत नाहीत.

अंतरही रुंदीवरूनच काढता येतं. मोबाइलवरच्या जहाजं दाखवणाऱ्या अॅपमध्ये (मरीनट्रॅफिक वगैरे) नाव आणि लांबी मिळते. २०० मीटरचं जहाज २० किलोमीटरवर असेल तर पी१०००च्या पूर्ण झूमला ते सुमारे ४००० पिक्सेल रुंद येतं, म्हणजे फ्रेम जवळजवळ भरते. फोटोतलं अंतर आणि अॅपमधलं अंतर जुळलं की दावा निम्मा सिद्ध झाला. ही मापं फोनच्या फोटोवरून निघत नाहीत. फोन कडा ‘सुधारून’ देतो आणि पुरावा तिथेच मरतो.

टिपायची रीत अशी. मोड एम (सगळं हातानं ठरवायचा), आयएसओ १००, एफ/८, शटर १/५०० च्या आसपास. रॉ (कॅमेऱ्यानं न रंगवलेली कच्ची फाइल) चालू. अॅक्टिव्ह डी-लायटिंग बंद, कारण ते क्षितिजावरचा कॉन्ट्रास्ट स्वतःच्या मनानं बदलतं. फोकस हातानं. धुरकट क्षितिजावर ऑटोफोकसला धरायला कड मिळत नाही, तो मागेपुढे करत बसतो आणि तोवर बोट निघून जाते. लेन्सभोवतीच्या रिंगवर मॅन्युअल फोकस ठेवा आणि पीकिंग (फोकसमधल्या कडा ठळक दाखवणारी सोय) चालू करा. ट्रायपॉडवर असाल तर व्हीआर (हाताचे हादरे सावरणारी सोय) बंद, मधला दांडा पूर्ण खाली, टायमर लावलेला. आधी २४ मिमीला पूर्ण दृश्य, मग ५००, मग २०००, मग ३०००. हा क्रम चुकवू नका. नुसता ३०००चा फोटो म्हणजे जागा-पत्ता नसलेलं पत्र. झूम करताना लक्ष्य निसटलं तर लेन्सच्या बाजूचं स्नॅप-बॅक बटण दाबून धरा. चित्र क्षणभर मागे येतं, बोट सापडते, बटण सोडलं की पुन्हा पुढे. या कॅमेऱ्यातली सर्वांत विचारपूर्वक बसवलेली गोष्ट हीच.

मग ४केमध्ये मिनिटभर व्हिडिओ. स्थिर फोटोपेक्षा याला वजन जास्त. मृगजळ थरथरतं, थर सरकतात, उलटी प्रतिमा जोडली जाते, तुटते. त्यानंतर जागेवरच खाली बसा आणि पुन्हा टिपा. मग जिन्याच्या दोन-चार पायऱ्या चढून पुन्हा. बँडस्टँडला हे सोयीचं पडतं. डोळ्याची उंची मीटरभर बदलली की खरं मृगजळ ठळकपणे बदलतं. काहीच बदललं नाही तर संशय घ्या. कठड्यावर चढायची गरज नाही. गेटवेला ट्रायपॉड लावला तर लेन्स नौदलाच्या गोदीकडे वळवू नका. तिथे प्रश्न मृगजळाचा राहत नाही.

काय काय फसवतं? पहिला नंबर खोट्या क्षितिजाचा. दूरच्या पाण्याचा रंग धुरक्यामुळे आकाशासारखाच होतो, अलीकडे गडद पाण्याची पट्टी दिसते, तिची कड क्षितिज वाटते आणि बोट त्याच्या वर तरंगताना दिसते. प्रत्यक्षात बोट पाण्यातच असते, फक्त तिच्याभोवतीचं पाणी आपण आकाश समजतो. २०२१ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचा तरंगत्या जहाजाचा फोटो वरचं मृगजळ म्हणून सगळीकडे छापला गेला आणि नंतर जाणकारांनी हाच खोट्या क्षितिजाचा आक्षेप घेतला. ओळखायचं कसं: रॉ फाइल उघडून कॉन्ट्रास्ट सणसणीत वाढवा. बोटीखालच्या ‘आकाशात’ लाटांचा पोत उमटला तर खोटं क्षितिज. बोटीचा तळ जलरेषेपर्यंत शाबूत आहे आणि खाली उलटी प्रतिमा नाही, तरी बहुधा तेच. मुंबईच्या धुरक्यात ‘तरंगत्या जहाजां’पैकी कितीतरी या खात्यात जमा होतील.

दुसरी फसवणूक काचेची. विसाव्या मजल्यावरच्या बंद खिडकीतून टिपलेल्या ‘आकाशातल्या दिव्यां’मध्ये बहुतेकदा मागच्या हॉलमधली ट्यूबलाइट असते. लेन्सच्या आतल्या परावर्तनाचे ठिपके वेगळे: कॅमेरा डावीकडे फिरवला की ते दृश्याच्या उलट बाजूला पळतात आणि फ्रेमच्या मध्याभोवती खऱ्या दिव्याच्या अगदी समोर बसतात. मूळ व्हिडिओ मागा. ज्याच्याकडे फक्त व्हॉट्सॲपनं चिरडलेली प्रत आहे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट मात्र मुंबईची खास आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात: भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत इथे पाण्याची पातळी चार-पाच मीटरनं हलते. क्षितिजाचं अंतर काढायचं सूत्र सोपं आहे: पाण्यापासून डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.८६नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये (नेहमीचं वक्रीभवन यात धरलं आहे). समजा किहीमच्या बाजूनं २० किलोमीटरवरच्या कुलाब्याच्या इमारती पाहायच्या आहेत आणि भरतीला डोळा पाण्यापासून दोन मीटर वर आहे. क्षितिज साडेपाच किलोमीटरवर. उरलेल्या साडेचौदा किलोमीटरमुळे इमारतींचा पाण्यालगतचा १४ मीटरचा भाग झाकला जातो. आता पाणी चार मीटर उतरलं आणि तुम्ही त्याच जागी उभे राहिलात. डोळा सहा मीटरवर, क्षितिज साडेनऊ किलोमीटरवर, आणि ओहोटीच्या पाण्यापासून साडेसात मीटरच झाकलेले, म्हणजे भरतीच्या रेषेपासून जेमतेम साडेतीन. साडेदहा मीटर, चांगले तीन मजले, समुद्रातून वर आले! हवेनं काहीही केलेलं नाही. ‘सकाळी नव्हतं, दुपारी दिसलं’ या दाव्याला पहिला प्रश्न भरतीची वेळ काय होती, हाच. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी मिनिटापर्यंत जुळवून ठेवा, नाहीतर ही तपासणीच करता येत नाही.

उन्हाळी दुपारी आणखी एक मर्यादा येते. तापलेल्या हवेच्या लहरी दहा-दहा आर्कसेकंदांनी चित्र हलवतात. दोन आर्कसेकंदांची लेन्स असून उपयोग नसतो. अशा वेळी १५००-२००० मिमीच्या पुढे झूम वाढवलं तर नुसती वितळलेली आईस्क्रीम मोठी होते. पी९५० (२००० मिमी, सुमारे एक किलो) पुरतो म्हटलं ते यासाठी. पी१००० सुमारे १४१५ ग्रॅमचा, गळ्यात घेऊन वरळी सी-फेसवर फेरी मारण्यातली मजा तासाभरात संपते. हिवाळी सकाळी हवा शांत असते तेव्हा मात्र ते जादाचे हजार मिलिमीटर डबे मोजायला खरंच कामी येतात.

सूर्यास्ताबद्दल थोडक्यात. सूर्य पाण्याला टेकताना खालून त्याचीच प्रतिमा वर येऊन मिळते आणि ओमेगासारखा आकार होतो, तेही खालचं मृगजळच. ते २००० मिमीवर टिपा. ३०००ला सूर्य फ्रेमच्या उंचीत मावत नाही. तो डोळ्यांना खुपत असेल तोवर ७७ मिमीचा सोलर फिल्टर लावल्याशिवाय लेन्स त्याच्याकडे करू नका. व्ह्यूफाइंडर इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून डोळा वाचेल, सेन्सर नाही. दुर्बिणीतून तर मुळीच नको. आणि हिरव्या चमकेचे (मावळत्या सूर्याच्या वरच्या कडेला क्षणभर दिसणाऱ्या हिरव्या रंगाचे) दावे: सूर्य तांबडालाल, निस्तेज होऊन मावळत असेल तर हवेतल्या धुळीनं हिरवा रंग आधीच खाल्लेला असतो. अशा संध्याकाळचा हिरवा फोटो कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सचा असतो.

मग ऐकीव दाव्यांवर विश्वास ठेवायचा की नाही? साक्षीदार किती मोठा माणूस आहे यापेक्षा त्यानं काय टिपून ठेवलं ते पाहा. १८१८ साली ब्रिटिश नौदलाच्या जॉन रॉसला उत्तर कॅनडातल्या लँकेस्टर साउंडमध्ये वाट अडवणारे डोंगर दिसले. त्यानं त्यांना क्रोकर पर्वत असं नावही दिलं आणि जहाजं परत फिरवली. पुढच्याच वर्षी एडवर्ड पॅरी त्या ‘डोंगरां’मधून जहाज घेऊन आरपार गेला. उलट बाजू १५९७ची. नोव्हाया झेम्ल्या या रशियाच्या उत्तरेकडच्या बेटावर हिवाळा काढणाऱ्या डच दर्यावर्दी बॅरेंट्सच्या खलाशांनी २४ जानेवारीला सूर्य पाहिला, हिशेबापेक्षा सुमारे दोन आठवडे आधी. लोकांनी त्यांना तारीख चुकलेले ठरवलं. पण त्यांच्यातल्याच गेरिट दे वीर यानं त्याच सुमाराची चंद्र-गुरूची युतीही नोंदवून ठेवली होती, त्यामुळे तारीख नंतर पडताळता आली. ते वरचंच मृगजळ होतं, आज त्या दृश्याला नोव्हाया झेम्ल्या परिणाम असंच नाव आहे. आपल्याकडे वराहमिहिरानं बृहत्संहितेत गंधर्वनगरावर, म्हणजे आकाशात दिसणाऱ्या आभासी शहरावर, वेगळा अध्याय दिला आहे. कोणत्या दिशेला दिसलं तर कुणाला बाधतं ते त्यात सांगितलंय. पश्चिमेचं गंधर्वनगर युवराजाला वाईट. मुंबईचा खुला समुद्र पश्चिमेलाच, तेव्हा इथल्या युवराजांनी बघून घ्यावं.

विकत घ्यायचाच असेल तर: २०२५मध्ये पी११०० आला आहे, लेन्स तीच, चार्जिंग यूएसबी-सीचं. पी१००० वापरलेला घेणार असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं एका ओळीत सापडतात. तिथे तीन गोष्टी समोरासमोर तपासा. झूम २४पासून ३०००पर्यंत चार-पाच वेळा नेऊन आणा. मोटर मध्ये अडखळली किंवा आवाज बदलला तर सोडून द्या. मोबाइलचा टॉर्च लेन्समध्ये तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती मुंबईच्या दमटपणाची बुरशी. मग दुकानाबाहेर या, रस्त्याच्या टोकाच्या एखाद्या पाटीवर पूर्ण झूम लावा आणि अक्षरांच्या चारही बाजू सारख्याच मऊ आहेत का ते बघा. एकच बाजू फुटत असेल तर आतली काच सरकलेली आहे. किंमत त्यानंतर बोला. एक जादा बॅटरी (ईएन-ईएल२०ए) त्याच सौद्यात मागा, एका चार्जवर अडीचशेच्या आसपास फोटोच निघतात आणि ४के चालू असेल तर त्याहून कमी. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल, आणि किनाऱ्यावरून आल्या दिवशीच ओलसर कापडानं बाहेरचं मीठ पुसायचं. लेन्स आत घेण्याआधी.